क्लेमेंटीनचा ताणकाटा

पापडीच्या दवाखान्यात क्लेमेंटीन चौदा वर्षं कंपाउंडर होती. डॉक्टर आतल्या खोलीत नाडी बघायचे आणि ही बाहेरच्या खिडकीत गोळ्यांच्या पुड्या बांधायची, बाटलीत औषध ओतायची, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टी कात्रीने दोन्ही बाजूंनी कातरलेली असायची, म्हणजे एका वेळेला किती घ्यायचं ते दिसावं. त्या बाटल्यांतलं एक गुलाबी मिक्श्चर असं होतं की त्यात साखर, रंग आणि पाणी यांच्यापलीकडे फारसं काही नव्हतं. ज्यांना काही झालेलं नसायचं पण औषधावाचून ज्यांचं समाधान व्हायचं नाही, त्यांना डॉक्टर ते द्यायला सांगायचे. आणि ती माणसं चार दिवसांनी येऊन म्हणायची, "बाय, तेच गुलाबी दे गो. त्याच्यानेच उतार पडला."

क्लेमेंटीन कधी हसली नाही. घरी जाताना मात्र डोक्यात तेच घोळत राहायचं. पाण्यानं बरं वाटलं, की चार दिवस गेले म्हणून बरं वाटलं? तिला कुणी विचारलेलं नव्हतं, तिचा पगारही त्यासाठी नव्हता. पण काही माणसांना कुलूप दिसलं की ओढून बघितल्याशिवाय राहवत नाही, त्यातली ती.

तिचा नवरा बेसिल केळीची वाडी करायचा आणि रस्सीखेच खेळायचा. आठ गड्यांच्या टीममध्ये तो शेवटचा, दोराचं टोक काखेतून पाठीवर घेऊन रोवून उभा राहणारा. दर मे महिन्यात गावच्या मैदानावर स्पर्धा व्हायच्या. शनिवारी संध्याकाळी उपांत्य सामना, रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर अंतिम. दोन हजार साली पापडीची टीम शनिवारी जिंकली आणि रविवारी शेजारच्या होळी गावच्या टीमपुढे हरली. हरली ती बेसिलच्या हातून. शनिवारच्या ओढाओढीनं त्याचे दंड असे भरून आले होते की रविवारी सकाळी त्याला दाढीचा ब्रश धरवेना. तिसऱ्या फेरीत दोर त्याच्या काखेतून सरसरत गेला. कुणी बोल लावला नाही. कप्तान युजीननं तर त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. पण बेसिल पुढे महिनाभर मैदानावरून न जाता मागच्या पाणंदीनं वाडीत जात होता.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यानं क्लेमेंटीनला सांगून टाकलं, "यंदा चव्वेचाळिसावं लागलं. हे शेवटचं वर्ष. रविवारच्या फायनलला शेवटच्या जागेवर उभा राहीन, आणि मग दोराला हात लावणार नाही."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. शनिवारी मोडलेलं अंग रविवारी सकाळपर्यंत जुळतं का?

त्या वर्षी टीमनं आणखी एक गोष्ट ठरवली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत सगळ्यांनी कडक उपास पाळायचा. मटण-मासळी नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. एरवी उपासकाळात गावात कुणी मटण सोडायचं, कुणी फक्त शुक्रवार पाळायचं. पण हरलेल्या टीमचा निश्चय वेगळाच असतो. आठांत एकटा काळूराम ख्रिस्ती नव्हता. तो खाडीकडच्या शेतकरी घरातला, भातशेती आणि होडी दोन्ही सांभाळणारा. पापडीत त्याचं लहानपणापासून येणं-जाणं होतं, म्हणून टीममध्ये होता. त्याला कुणी उपासाचं विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही.

सराव सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी संध्याकाळी. क्लेमेंटीनचं काम सरावानंतर लिंबाचं सरबत देणं. पण दुसऱ्याच आठवड्यात तिनं बेसिलचा केळीचे घड तोलायचा ताणकाटा उचलून वाडीतल्या आंब्याला बांधला. काट्याच्या दुसऱ्या हुकाला दोर आणि दोराला आडवं दांडकं. गड्यानं जमिनीवर बसायचं, पाय फळीला टेकवायचे आणि दांडकं छातीशी ओढायचं. काटा कुठवर जातो ते ती वाचायची.

"हे काय काढलंस?" बेसिल म्हणाला.

"तू सकाळी म्हणतोस अंग मोडलं. किती मोडलं ते बघायचंय."

"मोडलं म्हणजे मोडलं. त्याला काय किलो असतात?"

असतात, असं दिसून आलं. रविवारची विश्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी बेसिल अठ्ठ्याऐंशी किलो ओढायचा. सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पंचाहत्तर. युजीन ब्याण्णवचा ऐंशीवर यायचा. गडी कामावर जायच्या आधी साडेसहाला वाडीत येऊन ओढून जायचे. सुरुवातीला थट्टा म्हणून यायचे, मग एकमेकांचे आकडे बघायला म्हणून. क्लेमेंटीन दवाखान्यातल्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर सगळं लिहायची. दहापासून चौदा किलोपर्यंत प्रत्येकाचा उतार. एक काळूराम सोडून. त्याचा उतार पाच-सहाच्या पुढे जात नव्हता.

"तुला दुखत नाही का रे?" तिनं विचारलं.

"दुखतं ना बाय. पन होडी वढायची तर कोनाला सांगू?"

मार्चच्या शेवटी युजीन विरारला मनवेलपाड्यात मेव्हण्याकडे गेला होता, तिथून बातमी घेऊन आला. तिथल्या नव्या जिममध्ये प्रितेश नावाचा ट्रेनर होता, त्याच्याकडे अमिनो अॅसिडच्या कॅप्सुली मिळत होत्या. व्यायामानंतर घ्यायच्या, म्हणजे दुखणं लवकर जातं. टीमनं वर्गणी काढायचं ठरवलं आणि औषधातलं कळतं म्हणून क्लेमेंटीनला युजीनच्या स्कूटरवर मागे बसवून पाठवलं.

जिम एका इमारतीच्या तळमजल्यावर, तीन बाजूंना आरसे. प्रितेश तेवीस-चोवीस वर्षांचा, बोलायला गोड.

"आंटी, कसं आहे, वर्कआउट केल्यावर मसल बारीक बारीक तुटतो. मग बॉडी त्याला परत बांधते. बांधायला प्रोटीन लागतं, आणि प्रोटीन म्हणजे अमिनो अॅसिडच. जेवलं की पचून सुटं व्हायला टाइम लागतो. हे ऑलरेडी सुटं आहे. डायरेक्ट कामाला लागतं. रिकव्हरी फास्ट."

"किती फास्ट?"

"फास्ट म्हणजे..." प्रितेशनं आरशात बघितलं. "फास्ट."

"दहा किलोचा उतार असेल तर पाचावर येईल?"

"आंटी, तुम्ही पहिल्याच आहात असं विचारणाऱ्या."

तो खोटं बोलत नव्हता. स्वतःही तेच घेत होता आणि त्याला बरं वाटत होतं. डबा मोठा होता, कॅप्सुली तपकिरी-पिवळ्या. वरच्या बारीक अक्षरांत तीन नावं होती, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. क्लेमेंटीननं येताना स्कूटरवर ती पाठ केली.

बेसिल म्हणाला, आता उपास चालू आहे, कॅप्सूलची टोपणं कशाची केलेली असतात कुणास ठाऊक, ईस्टर होऊ दे. सगळ्यांनाच ते पटलं. ईस्टर पंधरा एप्रिलला होता. सोळा तारखेच्या सोमवारी सरावानंतर क्लेमेंटीननं प्रत्येकाच्या तळहातावर सहा-सहा कॅप्सुली ठेवल्या.

मंगळवारी सकाळी काट्यानं सगळ्यांनाच चकित केलं. बेसिलचा उतार सात. गुरुवारी सहा. युजीनचा पाच. पुढच्या आठवड्यात तर एक जण चारावर आला. गडी वाडीतून जाताना शिट्या घालत जाऊ लागले. "बाय, हे आधी मिळालं असतं तर गेल्या सालीच कप आणला असता," युजीन म्हणाला, आणि बेसिल पहिल्यांदाच त्या विषयावर हसला.

क्लेमेंटीनही खूश होती. शनिवारी दुपारी दवाखाना बंद असताना तिनं वही उघडून सगळ्यांचे आकडे एका कागदावर ओळीनं उतरवले. ईस्टरच्या आधीचे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला. सात जणांचे आकडे निम्म्यावर आले होते. आठव्याचा आकडा जिथं होता तिथंच. काळूराम. आधी पाच-सहा, नंतरही पाच-सहा.

तिला वाटलं, हा कॅप्सुली घेत नसेल, खिशात टाकत असेल. संध्याकाळी तो होडीचं डांबर आणायला पापडीत आला तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"काळूराम, खरं सांग. गोळ्या गिळतोस ना?"

"गिलतो तर. मोठी हाय, पन गिलतो."

"मग तुला गुण का नाही?"

काळूराम विचारात पडला. "मना काय ठाव? मी पयल्यासारखाच हाय. सकाली भाकर आनि मावरं, दुपारी भात आनि मावरं, रातच्याला..."

"मावरं," क्लेमेंटीन म्हणाली.

"व्हय. तुमचा उपास होता, आमचा कुठं?"

ती तशीच उभी राहिली. ईस्टरला तिनं स्वतःच्या हातानं मटण शिजवलं होतं, मैद्याच्या गोल फुग्या तळल्या होत्या, आणि सोमवारपासून बेसिलच्या पुढ्यात रोज दोन उकडलेली अंडी ठेवत होती. सात घरांत तेच चाललं होतं. चाळीस दिवस ज्यांच्या ताटात मासळीचा तुकडा नव्हता, त्यांच्या ताटात ती ज्या दिवशी परतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांच्या हातावर कॅप्सुली ठेवल्या होत्या. आणि सगळं गाव कॅप्सुलींचे गुण गात होतं.

डॉक्टरांच्या कपाटात आहाराचे तक्ते असलेलं एक जाड पुस्तक होतं. सोमवारी तिनं ते मागून घेतलं. डब्यावर लिहिल्याप्रमाणे सहा कॅप्सुलींत ती तीन अमिनो अॅसिडं मिळून तीन ग्रॅम. पुस्तकाप्रमाणे दोन अंड्यांत तीच तीन, मिळून अडीच ग्रॅमच्या आसपास. वर बाकीचं प्रोटीन वेगळंच. म्हणजे अंड्यांनीच काम केलं? की दोन्हींनी मिळून? की सात आठवड्यांच्या सरावानं अंगच सरावलं? काळूराम तर बारा महिने होडी ओढतो, त्याचं अंग आधीच सरावलेलं. प्रत्येक उत्तराच्या मागे दुसरं उत्तर उभं होतं, आणि स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती.

बेसिलला सांगावं असं तिच्या दोनदा ओठांवर आलं. पण तो रात्री दंड चाचपून म्हणायचा, "बघ, दुखतच नाही." ते ऐकून तिला गुलाबी बाटली आठवायची. सांगितलं तर दुखायला लागेल. आणि सांगितलं तर मग गुण कशाचा ते मोजता पण येणार नाही. खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं. ते तिनं पुढे कबूल केलं, पण त्या वेळी स्वतःशीसुद्धा नाही.

तिनं आठ जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, चार उचलल्या. युजीन, काळूराम, युजीनचा थोरला भाऊ, आणि बेसिल. बेसिलचं नाव आलं तेव्हा ती चिठ्ठी परत टाकावी असं तिला वाटलं. टाकली असती तर चिठ्ठ्या कशाला केल्या? तिनं ती ठेवली. मग दवाखान्याच्या टेबलावर बसून त्या चौघांच्या कॅप्सुली एकेक करून उघडल्या, आतली कडवट पूड बाटलीत झाडली आणि टोपणांत तांदळाचं पीठ भरलं. चौदा वर्षांचा हात होता, एकही टोपण चेपलं नाही. गड्यांना वाटायचं काम तिच्याचकडे असल्यामुळे कुणाला शंका यायचा प्रश्न नव्हता.

दोन आठवडे चौघांनी पीठ खाल्लं आणि चौघांनी खरं औषध. उतार दोन्हीकडे सारखाच. पाच, सहा, सात, पाच. एकदा औषधवाल्यांतला एक आठ, एकदा पीठवाल्यांतला एक चार. क्लेमेंटीनला सकाळी वही उघडताना लहान मुलीसारखं व्हायचं. एवढ्या मोठ्या डब्यावर एवढ्या बारीक अक्षरांत लिहिलेली गोष्ट, आणि तिचा निकाल आंब्याला टांगलेल्या केळीच्या काट्यावर लागतोय! पोटात पुरेसं असलं की वरून घातलेलं फारसं कळत नाही, असं तिनं एका पानाच्या खाली लिहिलं. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

शनिवारचा उपांत्य सामना कठीण गेला. तीन फेऱ्या झाल्या, तिसरी तर संपता संपेना. बेसिल शेवटच्या जागेवर टाचा रोवून जवळजवळ आडवा झाला होता. जिंकले. युजीननं तिथंच जाहीर केलं, "गेल्या वर्षीसारखं नको. उद्या सकाळी सगळ्यांनी काट्यावर यायचं. ज्याचा उतार आठाच्या वर, तो बाहेर. त्याच्या जागी इग्नेशियस." इग्नेशियस राखीव गडी होता, पस्तिशीचा, बँकेत नोकरीला, अर्ध्या सरावांना गैरहजर. "वाचणार क्लेमेंटीनबाय. ती सांगेल तो आकडा खरा."

रविवारी सकाळी मिस्साच्या आधी सगळे वाडीत जमले. युजीनचा उतार सहा. काळूरामचा पाच. एकेक जण ओढून बाजूला होत होता. बेसिल शेवटी बसला. पाय फळीला लावले, दांडकं धरलं आणि ओढलं. मानेच्या शिरा वर आल्या. काटा चढला, थरथरला आणि थांबला.

शहात्तर. उतार बाराचा.

काटा तिच्याकडे तोंड करून होता. मागे उभ्या असलेल्यांना दिसत नव्हता. एक्याऐंशी म्हणाली असती तर कुणी बघायला आलं नसतं. बेसिलनंही बघितलं नव्हतं. तो दांडकं धरून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"किती?" युजीननं विचारलं.

"शहात्तर," ती म्हणाली.

 मग बेसिल उठला, कपड्यांची माती झाडली आणि पाठीला लावायचं गोणपाट इग्नेशियसच्या हातात दिलं. "काखेतून घे. मान आत ठेव," एवढंच म्हणाला आणि केळींकडे निघून गेला.

क्लेमेंटीन मागोमाग गेली. तो केळीच्या बुंध्याची वाळलेली सोपटं ओढून काढत होता. त्या दिवशी त्या कामाची काही गरज नव्हती.

"बेसिल, तुझ्या कॅप्सुलींत पीठ होतं."

"कसलं पीठ?"

"तांदळाचं. दोन आठवडे. मी भरलं होतं. गुण औषधाचा की अंड्यांचा, ते बघायचं होतं मला."

तो वळला. आता तो ओरडेल असं तिला वाटलं, आणि तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यानं हातातलं सोपट गुंडाळत विचारलं, "माझं शेवटचं वर्ष आहे हे माहीत असून?"

"चिठ्ठी निघाली."

"चिठ्ठी!" तो म्हणाला. बराच वेळ मग तो सोपट गुंडाळत आणि सोडत राहिला. चर्चची पहिली घंटा झाली. "अजून कोणाकोणाला?"

"युजीन. त्याचा भाऊ. काळूराम."

"त्यांचा उतार किती आज?"

"सहा, सात, पाच."

"आणि औषधवाल्यांचा?"

"तसाच."

"मग पिठाला बोल कशाला लावतेस?" तो चिडूनच म्हणाला. "त्यांचं पीठ चांगलं आणि माझं खराब होतं?"

"एकट्या तुझ्यावरून सांगता येत नाही. सामन्यासारखी ओढाओढ सरावात कधी झालीच नाही. काल तू शेवटच्या जागेवर होतास, सगळा भार तुझ्यावर. औषध असतं तर कदाचित... मला माहीत नाही, बेसिल. खरंच माहीत नाही."

"चौदा वर्षं औषधं देतेस आणि माहीत नाही?"

"चौदा वर्षं माहीत नाही."

तो हसला नाही, पण सोपट खाली टाकलं. मिस्सा चुकवायची नव्हती, म्हणून दोघं निघाली. चालताना तो तिच्यापुढे दोन पावलं होता. एरवी बरोबर असायचा.

फायनलला होळीची टीम पहिली फेरी जिंकली. दुसरीच्या आधी बेसिल कडेच्या गर्दीतून पुढे आला आणि इग्नेशियसच्या मागे उभा राहून ओरडू लागला, "टाच! टाच खाली! आता नको, आता नको... हां, आता!" आवाज फाटेपर्यंत ओरडला. दुसरी फेरी पापडीनं घेतली, तिसरीही घेतली. फोटोत आठ जणांच्या शेवटी तो इस्त्रीच्या शर्टात उभा आहे, थोडा बाजूला. ओळखीच्या माणसालाच तो टीममधला वाटेल.

सोमवारी सकाळी कुणी बोलावलं नव्हतं तरी गडी वाडीत आले. बेसिलनं आदल्या दिवशीच सगळं सांगून टाकलं होतं.

"मला पीठ चारलंस तू?" युजीन कमरेवर हात ठेवून उभा. "कप्तानाला?"

"भाकरीचंच खाल्लं म्हन ना, त्यात काय?" काळूराम म्हणाला. "आनि कप तर आला."

"पिठावर आला!"

"तुझा पिठावर," इग्नेशियस म्हणाला, "माझा तर नुसत्या हवेवर. मला कुणी काही दिलंच नव्हतं."

हसणं ओसरल्यावर त्यांना आकडे बघायचे होते. कुणाच्या नावापुढे पीठ, कुणाच्या पुढे औषध. वही हातोहात फिरली. बेसिलकडे आली तेव्हा त्यानं रविवारचं पान काढलं. सात आकडे होते. त्याच्या नावापुढची जागा कोरी होती.

"माझा कुठं आहे?"

क्लेमेंटीननं पेनचं टोपण काढलं.

"लिही," तो म्हणाला. "शहात्तर. उतार बारा. पुढे पीठ लिही." तिनं लिहिलं. तो वाकून बघत होता. "आणि वय लिही. चव्वेचाळीस. युजीन एकतीस, काळूराम तेहतीस. एवढे रकाने आखलेस, तो एक ठेवलाच नाहीस."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग पट्टी शोधायला लागली, आणि सापडेना तेव्हा ताणकाट्याचं दांडकंच पानावर आडवं ठेवून तिनं नवा रकाना आखला.